पाणपक्षी आणि किनाऱ्यावरचे जीव प्रत्यक्ष पाहून जलरंगात रंगवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आबालाल रहिमान यांनी रंकाळा, संध्यामठ आणि कोटितीर्थाचा परिसर रंगवला, तेव्हापासून पाण्याकाठी बसून काम करणे कोल्हापूरच्या चित्रकारांच्या अंगवळणी पडले आहे. त्याच काठावरचे पक्षी मात्र आपल्या निसर्गचित्रांत बहुधा दोन-चार ठिपक्यांपुरतेच येतात. त्यांनाच चित्राचा विषय करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवशिक्यांचे आहेत आणि पुढचे सरावलेल्यांचे. पुनरुक्ती टाळण्यासाठी गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रत्यक्ष पाहूनच रंगवण्याचा एवढा आग्रह कशासाठी? मोबाइलवर फोटो काढून घरी निवांत रंगवले तर काय बिघडते?

फोटोवरून चांगले चित्र होऊ शकते, पण त्यातून पक्षी कळत नाही. कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागातली जी स्थिती टिपतो, ती आपल्या डोळ्यांनी कधी पाहिलेलीच नसते. शिवाय फोटोत सावलीतले रंग काळवंडतात, उन्हातल्या पांढऱ्या रंगातले बारकावे उडून जातात आणि चोचीपासून शेपटीपर्यंत प्रत्येक कड सारखीच रेखीव उमटते. समोर बसलेला पक्षी पाहताना आपला डोळा आधी त्याचा बाक, मग डोके, मग पायांवरचा तोल असे टप्प्याटप्प्याने पाहतो, आणि काय घ्यायचे व काय सोडायचे हे त्या क्षणीच ठरवावे लागते. हा निर्णय घेण्याची सवय म्हणजेच प्रत्यक्ष पाहून केलेले काम, असे मी मानतो. त्यामुळे काठावर बसून केलेला अर्धवट अभ्यास फोटोवरून केलेल्या पूर्ण चित्रापेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो. नंतर पंखावरचे पट्टे किंवा पायाचा रंग पडताळून पाहण्यासाठी फोटो जरूर वापरावा. तो दुसऱ्याचा असेल तर मात्र परवानगी घ्यावी.

२. माझ्या मुलीची इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा झाली आहे, पण पक्ष्यांची फारशी माहिती नाही. तिने सुरुवात कशापासून करावी?

तेवढी तयारी पुरेशी आहे. पहिले काही आठवडे रंग न घेता फक्त पेन्सिल आणि साधी वही घेऊन बसावे आणि घराजवळच्या ओळखीच्या पक्ष्यांपासून सुरुवात करावी. कावळा, पारवा, साळुंकी आणि गुरांच्या पाठीवर बसणारा गायबगळा माणसाला सरावलेले असल्याने जवळून आणि पुष्कळ वेळ पाहता येतात. नावे पाठ करण्याची घाई करू नये. एखाद्या पक्ष्याची दहा-बारा रेखाटने झाली की तो कोण हे जाणून घ्यावेसे वाटू लागते आणि तेव्हा वाचलेले नाव विसरत नाही.

३. कोल्हापूरला समुद्र नाही. मग पाणपक्ष्यांचा सराव कुठे करायचा?

तळ्यांवर. रंकाळा, कळंबा, विद्यापीठाजवळचा राजाराम तलाव आणि पंचगंगेचा काठ एवढ्या जागा वर्षभराच्या अभ्यासाला पुरतात. वारकरी, टिबुकली, छोटा पाणकावळा, जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक, वंचक, बगळे आणि खंड्या यांच्यापैकी बरेचसे या जागी भेटतात. साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत त्यांत पाहुण्या पक्ष्यांची भर पडते.

जागा निवडताना उजेडाची दिशा आधी पाहावी. रंकाळ्यावर सकाळी शहराच्या बाजूला बसून शालिनी पॅलेसकडे तोंड केले की सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. त्याच जागी संध्याकाळी बसल्यास पक्षी उजेडाच्या आड येऊन फक्त गडद आकार उरतात. ती वेळ वाया गेली असे समजू नये. रंगाचे आकर्षण दूर झाल्यावर आकार किती चांगला वाचता येतो, हे अशा वेळी कळते. समुद्रावर जाण्याआधी तळ्यावर एक हिवाळा काढावा असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण किनाऱ्यावर वारा, चकाकी आणि पक्ष्यांचे अंतर ही तिन्ही आव्हाने एकदम समोर येतात.

४. सामान काय काय लागते? किती खर्च करावा?

कागदावर खर्च करावा, बाकी सगळीकडे हात आखडता घेतला तरी चालेल. २०० जीएसएमपेक्षा (म्हणजे दर चौरस मीटरला २०० ग्रॅमपेक्षा) हलका कागद पाणी पडताच फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. ३०० जीएसएमचा शंभर टक्के कापसाचा, मध्यम पोताचा म्हणजे कोल्ड प्रेस कागद सर्वांत भरवशाचा. पूर्ण ताव ३० × २२ इंचांचा असतो. त्याचे आठ तुकडे केले की खांद्याच्या पिशवीत मावतील असे अभ्यासाचे कागद तयार होतात आणि महाग ताव वापरायची भीतीही जाते. रेखाटनासाठी मात्र साधी जाड पानांची वहीच बरी.

रंग सात-आठ पुरेत. अल्ट्रामरीन, सेरुलियन किंवा थॅलो निळा, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, एक थंड पिवळा आणि एक टिकाऊ गडद लाल. जुन्या प्रकारचा अलिझरीन क्रिमसन उजेडात फिका पडतो, म्हणून त्याच्या जागी ‘परमनंट’ म्हणून मिळणारा पर्याय घ्यावा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून निळसर करड्यापासून उबदार करड्यापर्यंत सगळ्या छटा मिळतात, आणि पाणपक्ष्यांच्या अंगावर याच छटा सर्वांत जास्त असतात.

ब्रश दोन हवेत, एक ८ किंवा १० क्रमांकाचा टोकदार गोल आणि एक ३ किंवा ४ क्रमांकाचा. सिंथेटिक केसांचे चांगले ब्रश आता सहज मिळतात. मुंगसाच्या केसांचा ब्रश कोणी देऊ केला तरी घेऊ नये. मुंगूस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे, त्याच्या केसांच्या ब्रशची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, आणि त्या ब्रशसाठी मुंगसे मारली जातात. जिवंत प्राण्यांवरच्या प्रेमापोटी चित्र काढणाऱ्याच्या हातात तो ब्रश शोभत नाही.

दुर्बीण ८ × ४२ ची घ्यावी. यातला पहिला आकडा किती पट मोठे दिसते हे सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहा पटींच्या दुर्बिणीत हाताची थरथरही मोठी होते. तिकाटण्यावर बसवलेला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची शक्तिशाली दुर्बीण, मिळाला तर उत्तमच, कारण त्यातून पाहताना दोन्ही हात मोकळे राहतात. पण सुरुवातीला तो गरजेचा नाही.

५. पक्षी क्षणभरही एका जागी थांबत नाही. मग काढायचा कसा?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

पक्षी हलतो हे खरे, पण तो मोजक्याच स्थितींमधून पुन्हा पुन्हा फिरत असतो. रंकाळ्याच्या काठावरचा वंचक घ्या. तो खांदे वर काढून, मान पूर्ण आखडून बसलेला असतो, ही पहिली स्थिती. मासा दिसला की मान हळूहळू पुढे सरकते आणि पाठ पाण्याला समांतर होते, ही दुसरी. चोच मारून झाल्यावर तो सरळ उभा राहतो आणि घास गिळताना गळा फुगतो, ही तिसरी. मग पुन्हा पहिली. म्हणून एका कागदावर सुरुवातीलाच तीन-चार जागी आकार मांडून घ्यावेत. पक्षी ज्या स्थितीत येईल त्या रेखाटनावर हात चालवावा, आणि तो बदलला की शेजारच्या रेखाटनाकडे जावे. पाऊण तासात चारही रेखाटने बऱ्यापैकी भरतात.

दुसरी गोष्ट, आधी पाहावे आणि मग काढावे. पहिली पाच मिनिटे पेन्सिल खाली ठेवून केवळ पाहत राहण्याची शिस्त लावून घ्यावी. त्यानंतर एखादी स्थिती नीट पाहून डोळे मिटावेत, ती मनात उभी राहते का ते तपासावे आणि मगच कागदाकडे पाहून ती एका दमात काढावी. काढताना वर पाहू नये, कारण तोपर्यंत पक्षी बदललेला असतो आणि दोन स्थितींचे तुकडे जोडले गेले की चित्रातला पक्षी मोडल्यासारखा दिसतो. स्मरणातून उतरवलेली एक रेघ कमी अचूक असेल, पण तिच्यात सलगपणा असतो.

वंचकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. बसलेला असताना तो मातकट, तपकिरी रेघांचा आणि चिखलात मिसळून जाणारा असतो. उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात, आणि उतरताना ती सगळी पांढराई पाठीच्या तपकिरी पिसांखाली क्षणात झाकली जाते. पंख मिटताना खांद्यापाशी पांढऱ्या रंगाची एक बारीक कड काही क्षण उघडी राहते. ती कड रंगवताना कोरी सोडली की हा पक्षी नुकताच येऊन बसला आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळते.

घाई होत असेल तर मुळात स्थिर बसणारे पक्षी निवडावेत. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा हा तळ्यावरचा सर्वांत सोशिक मॉडेल. त्याची पिसे पाण्यात भिजतात, त्यामुळे बुडी मारून झाल्यावर त्याला बराच वेळ तसेच बसावे लागते.

६. अर्धे रंगवून झाल्यावर पक्षी उडून गेला तर काय करावे?

थांबावे. जे पाहिले ते कागदावर आहे, जे राहिले ते कोरे ठेवावे. बाजूला शब्दांत टिपण करावे: ‘चोच मुळाशी पिवळसर’, ‘पोटाखाली पाण्याचा हिरवट उजेड’, वेळ, वाऱ्याची दिशा. दुसरा त्याच जातीचा पक्षी येऊन बसला आणि उजेड तोच असेल तर त्याच्यावरून राहिलेला भाग भरायला हरकत नाही, पण वय आणि पिसारा सारखा आहे का हे आधी पाहावे (प्रश्न १७). घरी आल्यावर अंदाजाने पूर्ण केलेला भाग नेमका तोच असतो जो पुढे डोळ्यांना खुपतो.

७. माझा पक्षी खेळण्यातल्यासारखा दिसतो. पिसे नीट काढली तरी जिवंत वाटत नाही. असे का होते?

बहुधा पिसांपासून सुरुवात केल्यामुळे. आधी धडाचा अंडाकार, त्याचा कल आणि पायांची जागा ठरली पाहिजे. उभ्या पक्ष्याची पावले त्याच्या वजनाच्या बरोबर खाली येतात. ती थोडी जरी पुढे-मागे सरकली तरी पक्षी पडेल असे वाटते. पायाच्या मध्ये जो सांधा मागे वळलेला दिसतो, तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा पिसांच्या आत झाकलेला असतो. हे एकदा मनात बसले की पाय कुठून निघतात याचा गोंधळ संपतो.

बगळ्याच्या मानेला जो अचानक कोन दिसतो तोही कल्पनेतला नाही. मानेतला सहावा मणका वेगळ्या घडणीचा असल्याने मान तिथे दुमडते आणि झडपेसारखी पुढे सुटते. त्यामुळे बगळ्याची मान गोलाईदार वेलांटीसारखी काढली की ती खोटी दिसते. डोळा काढताना तो चोचीच्या कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे हे मोजून घ्यावे, कारण चेहऱ्याचा भाव तिथेच ठरतो. पिसे एकेक काढण्याऐवजी त्यांचे गट पाहावेत: खांद्यावरची, पंख झाकणारी, पंखाच्या टोकाची. गटांच्या कडा बरोबर आल्या तर आतल्या पिसांपैकी पाच-सहा सुचवली तरी पुरतात.

८. पांढरा बगळा पांढऱ्या कागदावर कसा रंगवायचा?

बगळा रंगवूच नये, त्याच्यामागचे सगळे रंगवावे. मागचे पाणी, गवत किंवा चिखल यांचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, बगळ्याच्या कडेपर्यंत आणला की कोरा कागद आपोआप पक्षी होतो. त्यानंतर सावलीची बाजू घ्यावी, आणि इथे बहुतेकांचा हात कचरतो. कडक उन्हात बगळ्याची सावलीतली बाजू उन्हातल्या वाळूपेक्षा चक्क गडद असते. डोळे किलकिले करून पाहिले तर हे स्पष्ट दिसते. ही सावली आकाशाकडे वळलेल्या भागात निळसर आणि पोटाखाली, जिथे वाळू किंवा पाण्याचा उजेड वर येतो तिथे, पिवळसर उबदार असते. दोन्ही रंग ओल्यातच एकमेकांत मिसळू द्यावेत.

लहान बगळ्याची चोच आणि पाय काळे असतात, पण बोटे पिवळी. उथळ पाण्यात तो एक पाय पुढे करून बोटे थरथरवतो, गाळ ढवळतो आणि बिचकून हललेला मासा टिपतो. त्या वेळी पाण्याखालून क्षणभर दिसणारा पिवळा ठिपका सगळ्या पांढऱ्या चित्रात एकच तेज रंग असतो. तो शेवटी, स्वच्छ ब्रशने ठेवावा.

९. पाणकावळा, वारकरी यांच्यासाठी ट्यूबमधला काळा रंग वापरावा का?

शक्यतो नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांचे दाट मिश्रण पुरेसे गडद होते आणि त्यात कुठे निळा तर कुठे तपकिरी पुढे येत राहतो. वारकऱ्याचे अंग मुळात काळे नसून गडद पाटीच्या रंगाचे आहे. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून पहिल्याच थरात धीर करून जरा अधिक गडद रंग भरावा. चार फिके थर एकावर एक चढवले की रंग मळकट होतो. चोचीचा पांढरा भाग प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे कोरा सोडावा.

१०. खंड्याच्या पाठीचा निळा रंग काही केल्या येत नाही. कोणता रंग घ्यावा?

तो रंग कोणत्याही ट्यूबमध्ये नाही, कारण खंड्याच्या पिसांत निळे रंगद्रव्यच नसते. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेतून उजेड विखुरतो आणि आपल्याला निळा दिसतो. त्यामुळे दिशा आणि उजेड बदलला की तो रंग हिरवट, फिरोजी किंवा गडद होतो. जलरंगात याच्या जवळ जाण्याचा मार्ग एकच: थॅलो निळ्याचा पारदर्शक, पातळ आणि एकच थर कोऱ्या कागदावर द्यावा, म्हणजे खालचा पांढरा कागद त्यातून उजळतो. त्यावर दुसरा हात फिरवू नये. शेजारी डोक्याचा चॉकलेटी रंग आणि मागची मंद, मातकट पार्श्वभूमी ठेवली की तोच निळा दुपटीने उठून दिसतो.

११. मास्किंग फ्लुइड आणि पांढरा गौश वापरणे म्हणजे लबाडी आहे का?

अजिबात नाही. मात्र काठावर बसून काम करताना मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद कोरा राखण्यासाठी लावून नंतर काढून टाकायचा द्रव, फारसे उपयोगी पडत नाही. ते वाळायला वेळ लागतो आणि काढल्यावर उरणारी कडक कड पक्ष्याच्या मऊ अंगावर परकी दिसते. डोळ्यातला चमकता ठिपका, पाण्याचा तुषार, विणीच्या हंगामात लहान बगळ्याच्या डोक्यामागे लोंबणारी दोन लांब पिसे यांसाठी गौशचा, म्हणजे अपारदर्शक जलरंगाचा, एखादा फटकारा योग्यच आहे.

१२. उडणारे पक्षी आणि थवे यांचे काय?

एका पक्ष्यासाठी आधी त्याची उडण्याची रीत पाहावी. बगळे आणि वंचक मान आखडून उडतात, तर करकोचे आणि शराटी मान ताठ पुढे काढून. एवढा एक फरक बरोबर आला तरी लांबचा पक्षी ओळखता येतो. पंख वर असताना आणि खाली असताना अशा दोनच स्थिती काढाव्यात, मधल्या सोडून द्याव्यात. थव्यात प्रत्येक पक्षी काढू नये. थव्याचा एकूण आकार एका फिक्या ओल्या फटकाऱ्यात धरावा, तो वाळत आल्यावर पुढचे चार-पाच पक्षी स्पष्ट करावेत.

१३. किनाऱ्यावर कोणत्या वेळी जावे? मागच्या वेळी गेलो तर सगळे पक्षी ठिपक्याएवढे दूर होते.

घड्याळापेक्षा भरती-ओहोटी पाहून जावे. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि चिखल्या, तुतवार, कोरल यांसारखे पक्षी अन्न शोधत पाण्याच्या कडेबरोबर दूर दूर जातात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना आपल्याकडे ढकलत आणते. पूर्ण भरतीच्या सुमारास, खाण्याची जागा बुडालेली असल्याने, ते एखाद्या वाळूच्या दांड्यावर किंवा खडकावर दाटीने उभे राहतात, बरेचसे एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. चित्रकारासाठी सर्वांत सोन्याची वेळ हीच. भरतीच्या आधीचा दीड तास आणि नंतरचा एक तास एवढा वेळ मोकळा ठेवावा आणि पक्षी येण्याआधीच जागेवर जाऊन बसावे.

वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी सुमारे पावणेचारला पूर्ण भरती. दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासूनच करावी. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांपेक्षा थोडा अधिक वेळ जातो आणि रोज भरती साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब बेत आखण्यापुरता आहे. बंदरागणिक वेळ बदलते, म्हणून निघण्याआधी त्या ठिकाणचा भरतीचा तक्ता पाहावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप वर येते आणि पक्ष्यांना उभे राहायला जागा कमी उरते, त्यामुळे ते अधिक दाटीने एकत्र येतात. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, चिखल कमी उघडा पडतो.

उधाणाच्या दिवशी खाडीच्या मुखाशी किंवा वाळूच्या दांड्यावर बसताना परतीची वाट बुडणार नाही ना, हे स्थानिक मच्छीमारांना विचारूनच बसावे.

१४. कोल्हापूरहून जवळचे किनारे कोणते?

आंबा घाटातून रत्नागिरी, गगनबावड्याकडून देवगड-मालवण आणि आंबोलीमार्गे वेंगुर्ला असे तीन रस्ते. रत्नागिरीत काजळी नदीच्या मुखाजवळचे भाट्ये चिखलातल्या पक्ष्यांसाठी, तर मिरकरवाडा बंदर कुरव (गल) आणि ब्राह्मणी घारींसाठी. मासे उतरतात तिथे हे पक्षी माणसाला इतके सरावलेले असतात की दुर्बीणही लागत नाही. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते आणि वाळूच्या टोकावर सुरय (टर्न) व कुरव बसलेले असतात. किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर समुद्र गरुडाकडेही लक्ष ठेवावे. वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर पाकोळ्यांची आणि सुरयांची वीण होते, म्हणून तिथे उतरण्याचा हट्ट कोणी धरू नये.

१५. समुद्रावर रंग कधी वाळतच नाही, तर कधी ब्रश टेकताच वाळतो. यावर उपाय काय?

सकाळच्या दमट हवेत वॉश ओला राहतो, म्हणून तेव्हा आकाश, पाणी, धुके अशा मऊ कडांची कामे करावीत आणि पक्ष्यासाठी दुसरा कागद घ्यावा. दोन-तीन कागद आळीपाळीने चालवले की वाट पाहण्यात वेळ जात नाही. ऊन चढून वारा सुटल्यावर उलट होते. तेव्हा लहान आकाराचे, थेट रंगाचे काम करावे. कागद उन्हात धरून कधीही रंगवू नये. उन्हात सगळेच रंग तेजस्वी भासतात, हात आपोआप गडद होतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. छत्री किंवा स्वतःची सावली कागदावर पडेल असे बसावे.

रंगासाठी समुद्राचे पाणी वापरू नये. मिठाचे कण कागदात राहतात, हवेतली ओल ओढून घेतात आणि पावसाळ्यात त्या जागी डाग पडू लागतात.

१६. खेकडे, निवट्या, कासवे यांचीही चित्रे काढायची आहेत. त्यांच्यासाठी वेगळे काय करावे?

खेकड्यांसाठी बसून राहणे एवढेच करावे लागते. वाळूवर पाय पडताच सगळी बिळे रिकामी दिसतात, पण पाच-दहा मिनिटे पूर्ण निश्चल बसले की आधी दांड्यांवरचे डोळे वर येतात, मग एका बाजूचे पाय, आणि मग पूर्ण खेकडा. त्या वेळी ब्रश धुण्यासाठी हात उचलला तरी तो परत आत जातो, म्हणून रंग आधीच कालवून हाताशी ठेवावेत. कांदळवनाच्या चिखलात एक मोठी नांगी हलवणारे खेकडे दिसतात. ती मोठी नांगी फक्त नराला असते, कुणाची उजवी तर कुणाची डावी, त्यामुळे समोरच्याची पाहूनच काढावी. निवटी, म्हणजे चिखलावर सरपटणारा मासा, ओल्या चिखलावर चमकते. तिच्या अंगाचा रंग आणि चिखलाचा रंग एकच घेऊन फक्त चकाकीच्या जागा कोऱ्या सोडल्या तरी ती दिसते.

ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले मंडणगड तालुक्यातील वेळास किंवा वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी अशा गावांत हंगामात पाहता येतात. संरक्षित घरट्यांतून निघालेली पिल्ले स्वयंसेवक सोडतात तेव्हा दोरीच्या मागे उभे राहून पेन्सिलने झटपट रेखाटन करावे. टॉर्च, फ्लॅश आणि पिल्लांच्या वाटेत बसणे पूर्ण टाळावे. रंग भरण्याचे काम नंतर टिपणांवरून करावे.

१७. नंतर पुस्तकात पाहिले तर माझ्या चित्रातला पक्षी कुठल्याच चित्राशी जुळत नाही. माझे चित्र चुकले का?

नेहमी तसे नसते. पुस्तकातला पक्षी त्या जातीचा नमुना असतो आणि समोरचा पक्षी एखाद्या वयाचा, एखाद्या ऋतूतला असतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके हिवाळ्यात पांढरे असते आणि कानामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. मार्चच्या सुमारास तेच डोके पुन्हा तपकिरी होऊ लागते, आणि एकाच थव्यात दोन्ही तऱ्हा दिसतात. गायबगळा एरवी पांढरा असतो, पण विणीच्या काळात त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर नारिंगी पिसे येतात. समुद्र बगळ्याची काही पाखरे पांढरी, तर काही पाटीच्या रंगाची असतात. पिसे गळण्याच्या काळात पंखात फटी दिसतात. म्हणून पाहिले तसेच ठेवावे आणि तारीख व जागा न चुकता लिहावी. पुस्तकाशी जुळवण्यासाठी चित्र दुरुस्त केले तर त्या दिवशीचे खरे निरीक्षण पुसले जाते.

१८. पक्ष्याच्या किती जवळ जावे? घरट्याचे चित्र काढले तर चालेल का?

पक्ष्याने खाणे थांबवून आपल्याकडे पाहायला सुरुवात केली, की आपण आवश्यकतेपेक्षा जवळ आलो आहोत. दोन पावले मागे यावे. भरतीच्या वेळी विसावलेल्या थव्याला उडवणे सर्वांत वाईट, कारण हजारो किलोमीटर उडून आलेल्या या पक्ष्यांची ती विश्रांतीची वेळ असते. मातकट रंगाचे कपडे घालावेत आणि पक्ष्यांच्या दिशेने सरळ चालत जाऊ नये.

घरट्याचे चित्र काढू नये असे माझे ठाम मत आहे. टिटवी आणि सुरय उघड्या जमिनीवर अंडी घालतात. पालक उठून गेले की ती अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांच्या नजरेस पडतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर अंडी पायाशीच आहेत असे समजून आल्या वाटेने परतावे. पडलेले पीस सापडले तर ते तिथेच ठेवून त्याचा अभ्यास करावा आणि सोबत नेऊ नये.

१९. जखमी किंवा मेलेला पक्षी दिसला तर त्याचे चित्र काढता येईल का?

जखमी पक्षी असेल तर चित्राचा विचार बाजूला ठेवून वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. मेलेला पक्षी लांबून रेखाटण्यास हरकत नाही, पण हात लावू नये. एकाच जागी अनेक पक्षी मेलेले दिसले तर तेही लगेच कळवावे, कारण रोगाची शक्यता असते.

२०. काठावर सुरू केलेले चित्र घरी पूर्ण केले, तर प्रदर्शनात ते ‘प्रत्यक्ष पाहून केलेले’ म्हणून लावावे का?

पक्ष्याचा आकार, तोल आणि मुख्य रंग जागेवर ठरले असतील आणि घरी फक्त पार्श्वभूमी नीट केली असेल, तर तसे म्हणायला मला अडचण वाटत नाही. पण पक्षीच घरी, फोटोवरून भरला असेल तर चित्राखाली ‘अभ्यासावरून आणि फोटोवरून’ असे लिहावे. शाहू स्मारक भवनातल्या प्रदर्शनांना येणारा आपल्याकडचा प्रेक्षक जाणता आहे आणि एवढी माहिती त्याला दिलीच पाहिजे. मूळ रेखाटन जपलेले असेल तर ते चित्राशेजारी लावावे. पुष्कळदा लोक त्याच्यासमोरच जास्त वेळ उभे राहतात.

फ्रेम करताना काच चित्राला टेकू नये म्हणून माउंट घालून घ्यावा, लॅमिनेशन कधीही करू नये. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये, आणि सुटे कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवून त्या पुड्या अधूनमधून बदलाव्यात.